पेन्सिलचा व्यायाम मामा-भाच्यांना दोघांनाही चालेल का?

प्रश्न : माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा आहे, मराठी शाळेत चौथीत. वाचायला बसला की पाच-दहा मिनिटांत डोळे चोळतो, डोकं दुखतं म्हणतो. ओळ सुटते, कधी तीच ओळ पुन्हा वाचतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून नजर ६/६ आहे, चष्मा नको असं सांगितलं. शाळेतल्या बाईंना डिस्लेक्सियाची शंका आहे. एका केंद्राने चाळीस बैठकांची व्हिजन थेरपी (डोळ्यांच्या व्यायामांचा कोर्स) सुचवली आहे. तिने डिस्लेक्सियाही जाईल असं ते म्हणतात, पैसे मात्र सगळे आधी भरायचे. दुसरं असं की, माझा धाकटा भाऊ, वय ३१, चार महिन्यांपूर्वी दुचाकीवरून पडला. डोक्याला मार लागला, पाच दिवस आयसीयूत होता. आता चालतो-बोलतो, पण जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसतात, मोबाइलवर वाचलं की गरगरतं, बाजारात गांगरून जातो. इंटरनेटवर पाहून मी दोघांनाही पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम सुरू केला आहे. दोघांनी तोच कोर्स केला तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

ताई,

नाही, चालणार नाही. दोघांची दुखणी वेगळी आहेत आणि त्यांतलं तुमच्या भावाचं आधी पाहायला हवं, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो.

त्याची पेन्सिल आजच बंद करा. तिने काही बिघडवलं असेल अशी भीती नको. पण जिना उतरताना वस्तू दोन दिसणं ही खूण ज्या बिघाडाची आहे, त्यावर पेन्सिलचा उपयोग नसतो. डोळा सहा स्नायूंनी फिरतो आणि या स्नायूंना मेंदूकडून तीन नसा हुकूम पोचवतात. मेंदूतून निघणाऱ्या नसांना क्रमांक दिलेले आहेत; या तिघींतली चौथ्या क्रमांकाची नस सगळ्यांत बारीक असते. ती मेंदूच्या देठाच्या मागच्या बाजूने निघते आणि वळसा घालून पुढे डोळ्यापर्यंत येते. वाट लांब असल्याने डोक्याला जोराचा हिसका बसला की ती सहज दुखावते. ती ज्या स्नायूला चालवते, तो आत वळलेला डोळा खाली नेतो. जिना उतरताना, ताटाकडे पाहताना, मांडीवर मोबाइल ठेवून वाचताना नेमकं हेच करावं लागतं. म्हणून त्याच्या तक्रारी याच ठिकाणी गोळा झालेल्या दिसतात. अर्थात हा आमचा पत्रावरून केलेला अंदाज आहे. निदान तपासणीतच व्हायला हवं.

तपासणीला जाण्यापूर्वी घरी काही गोष्टी पाहून कागदावर लिहून न्या, डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचेल. वस्तू दोन दिसत असताना त्याला आधी एक डोळा झाकायला सांगा, मग दुसरा. कुठलाही एक झाकल्यावर दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल, तर दोन डोळ्यांचा मेळ बिघडला आहे. एक डोळा झाकूनही दोन दिसत असेल, तर दोष त्या उघड्या डोळ्याच्या बुबुळात, भिंगात किंवा पडद्यात असू शकतो आणि तपासणीची दिशाच बदलते. मग विचारा : दोन प्रतिमा शेजारी-शेजारी आहेत की एकावर एक? एक तिरकी दिसते का? चौथ्या नसेच्या दुखापतीत त्या बहुधा वर-खाली असतात आणि माणूस नकळत मान एका खांद्याकडे कलती ठेवतो. लांब पाहताना शेजारी-शेजारी दोन दिसत असतील, तर सहाव्या नसेचा संशय घ्यावा लागतो. त्याचे अपघाताआधीचे पाच-सहा फोटोही बरोबर न्या. मान आधीपासूनच कलती असेल, तर जन्मापासूनचा झाकलेला दोष अपघाताने उघडा पडला असंही असू शकतं.

त्याने जायचं कुणाकडे? तिरळेपणावर काम करणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे किंवा न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजिस्टकडे, म्हणजे डोळे आणि मेंदू यांच्या जोडणीतले दोष पाहणाऱ्या तज्ज्ञाकडे. अपघातानंतरचा सीटी किंवा एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची यादी सोबत हवी. झोपेच्या आणि फिट्सच्या काही गोळ्यांनीही डोळ्यांचा मेळ ढिला होतो. दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, मागून घ्या. बाजारात गांगरणारा माणूस कधी कधी गर्दीला घाबरलेला नसतो. त्याला एका बाजूचं दिसतच नसतं आणि माणसं अचानक अंगावर आल्यासारखी वाटतात. मार मेंदूच्या मागच्या भागाला लागला असेल, तर दोन्ही डोळ्यांची एकाच बाजूची अर्धी नजर जाऊ शकते आणि रुग्णाला ते स्वतःहून सांगता येत नाही.

पुढचं काही दिसलं, तर मात्र भेटीच्या तारखेची वाट पाहायची नाही. एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी आणि पापणी लोंबणं, वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, गुंगी, हातापायातली ताकद जाणं, फिट येणं, किंवा डोळा लाल होऊन पुढे येणं आणि डोक्यात नाडीसारखा धडधड आवाज. १०८ ला फोन करा आणि न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात न्या. डोक्याच्या माराचे काही परिणाम आठवड्यांनी वर येतात.

भेट मिळेपर्यंत घरी एवढं करा. त्याचा चष्मा असेल तर त्याच्या, नसेल तर बिननंबरी चष्म्याच्या एका काचेला आतून अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावा, कागदावर लावली की दिसेनाशी होते ती. एक प्रतिमा धूसर झाली की डोकं दोन प्रतिमांशी झगडणं थांबवतं. काळी पट्टी बांधून डोळा पूर्ण बंद करण्यापेक्षा हे बरं, कारण बाजूचा उजेड आणि हालचाल कळत राहते आणि तोल कमी जातो. जिना उतरताना कठड्याला हात हवाच, आणि नुसते डोळे खाली न नेता पूर्ण मान खाली घालायची. मोबाइल आणि पुस्तक डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडवर. मांडीवर अजिबात नको. दुचाकी, चारचाकी दोन्ही बंद, आणि चिकटपट्टी लावली म्हणून लगेच परवानगी मिळाली असंही नाही. एका डोळ्याने अंतराचा अंदाज बांधायला मेंदूला वेळ लागतो.

उपचार काय असतील ते थोडक्यात सांगतो, म्हणजे कुणी चाळीस बैठका सांगितल्या तर तुम्हाला तोलता येईल. दुखावलेली नस बऱ्याचदा पहिल्या सहा महिन्यांत आपली आपण सुधारते. तोवर दोन प्रतिमा एकत्र आणायला फ्रेनेल प्रिझम वापरतात. ते पातळ प्लॅस्टिकचं पान असतं. कात्रीने काचेच्या मापात कापून पाण्याने आतून चिकटवतात, आणि कोन बदलला की काढून दुसरं लावतात. त्याने थोडं अंधुक दिसतं, ते चालवून घ्यावं लागतं. घाईने कायमचा प्रिझम काचेत बसवून घेतला तर दोन महिन्यांत तो चष्मा बाद होतो. एक प्रतिमा तिरकी असेल, तर प्रिझमने ती सरळ होत नाही, हेही लक्षात ठेवा. मोजमाप सलग काही महिने एकाच जागी थांबलं आणि तरी दोन दिसत राहिलं, की शस्त्रक्रियेचा विचार. सर्वसाधारणपणे सहा ते बारा महिन्यांनी.

मग व्हिजन थेरपीला इथे जागा कुठे? आहे, पण नंतर आणि नेमक्या कामासाठी. मेंदूला मार बसल्यावर डोळे आत वळवण्याची आणि जवळचं स्पष्ट करण्याची ताकद कमी होते, एका शब्दावरून पुढच्या शब्दावर नजर टाकणं चुकू लागतं. ३१ व्या वर्षीही जवळचा चष्मा लागू शकतो. तो लागलाच तर वाचायचा आणि लांबचा असे दोन वेगळे चष्मे करा. लांबचं-जवळचं एकाच काचेत असलेली प्रोग्रेसिव्ह काच घेतली तर वाचण्याचा भाग खाली असतो, आणि खाली पाहणं हीच त्याची अडचण आहे. तज्ज्ञांनी व्यायाम सांगितले तर सुरुवात बसून, तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. त्रास शून्य ते दहा असा मोजायचा. व्यायामाने तो दोन अंकांहून जास्त चढला किंवा तासाभरात उतरला नाही, तर मात्रा जास्त झाली. दुसऱ्या दिवशी वेळ निम्मा करायचा. जोर लावून पुढे जाण्याचा हट्ट इथे उलटतो. मेंदूच्या दुखापतीनंतरच्या या व्यायामांवरचे अभ्यास मुलांवरच्या अभ्यासांपेक्षा लहान आहेत, आणि बरीच सुधारणा निसर्गतःही होत असते. त्यामुळे हमी देणाऱ्यापासून जपून राहा.

गरगरणं मात्र सगळं डोळ्यांच्या खात्यावर टाकू नका. डोक्याला मार लागल्यावर आतल्या कानातले सूक्ष्म खडे जागचे हलतात आणि कुशीवर वळताना, वर पाहताना घर फिरतं. त्यावर कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा तोलाचे व्यायाम देणारे फिजिओथेरपिस्ट डोकं ठरावीक क्रमाने वळवून उपचार करतात आणि पुष्कळदा एक-दोन भेटींत आराम पडतो. उजेडाचा त्रास होत असेल तर घरात काळा गॉगल लावायची सवय लागू देऊ नका; डोळे अंधाराला सरावतात आणि साधा उजेडही बोचू लागतो. बाहेर पडताना पुढे झापड असलेली टोपी पुरे. बाजारात गर्दी नसलेल्या वेळी दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि हळूहळू वेळ वाढवावी.

पेरिमेट्रीत अर्धी नजर गेलेली निघाली, तर एक गोष्ट स्वच्छ समजून घ्या. पहिल्या काही महिन्यांनंतर गेलेलं क्षेत्र सहसा परत येत नाही, आणि व्यायामाने ते परत आणून देतो म्हणणाऱ्यांचा पुरावा कच्चा आहे. शिकता येतं ते हे की, न दिसणाऱ्या बाजूला नजर मुद्दाम, लांबवर, आधी टाकायची. उजवी बाजू गेली असेल तर मराठी वाचणं जास्त अवघड जातं, कारण पुढचा शब्द आंधळ्या भागातून येतो. तिथे बोट किंवा पट्टी पुढे सरकवत वाचावं. डावी गेली असेल तर ओळीची सुरुवात हरवते. पानाच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ मारावी आणि ती दिसेपर्यंत नजर मागे न्यावी.

आता तुमच्या मुलाचं.

६/६ म्हणजे सहा मीटरवरचं एकेक अक्षर त्याला ओळखता येतं, इतकंच. पुस्तक तेहतीस-चाळीस सेंटिमीटरवर असतं, तिथे दोन्ही डोळे आत वळलेले ठेवावे लागतात, भिंगाचा फोकस ताणून धरावा लागतो, आणि हे वीस-तीस मिनिटं करायचं असतं. त्या तक्त्यावर यातलं काहीच तपासलं जात नाही. म्हणजे डॉक्टर चुकले नाहीत. प्रश्न अर्धा विचारला गेला.

तुमच्या मुलाच्या बाबतीत तीन शक्यता आहेत, आणि त्या एकत्रही असू शकतात.

पहिली, दडलेला प्लस नंबर. मुलांच्या भिंगात एवढा जोर असतो की दोन-तीन डायॉप्टरचा प्लस नंबर असूनही ते तक्ता झरझर वाचून दाखवतात, आणि मग जवळच्या कामात थकतात. हा नंबर पकडायला डोळ्यांत औषध घालून तपासावं लागतं. त्याने फोकस तात्पुरता सैल पडतो, एखादा दिवस किंवा जास्त जवळचं अंधुक दिसतं, उन्हाचा त्रास होतो, म्हणून शनिवारी जा. ही तपासणी झाली आहे का ते आधीच्या कागदावर पाहा. झाली नसेल, तर थेरपीचा एक रुपयाही त्याआधी भरू नका. चष्म्यानेच भागणार असेल तर व्यायाम कशाला?

दुसरी, डोळ्यांचा मेळ. यातला सगळ्यांत ओळखीचा दोष म्हणजे कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी : लांब पाहताना डोळे सरळ राहतात, जवळ पाहताना आत वळून टिकत नाहीत. तमिळनाडूतल्या शाळकरी मुलांच्या मोठ्या पाहणीत साधारण सहा मुलांमागे एकात हा सापडला होता, म्हणजे दुर्मीळ मुळीच नाही. याची खूण म्हणजे पहिली पाच मिनिटं वाचन ठीक होतं आणि मग घसरतं. अक्षरं हलतात, पसरतात, डोळे चोळले जातात. घरी एक गोष्ट करून पाहा. नेहमीच्या धड्यात तो थकू लागला की एक डोळा तळहाताने हलका झाकून पुढे वाचायला सांगा. एका डोळ्याने एकदम सोपं वाटत असेल, तर मेळाचा संशय पक्का होतो.

तिसरी, वाचन स्वतःच. डिस्लेक्सिया डोळ्यांत नसतो. शब्दातले आवाज सुटे करून, अक्षराशी जोडून पुन्हा सांधण्याचं काम मेंदूत अडखळतं. हे मूल पहिल्या ओळीपासूनच अडखळतं, सकाळी ताजं असतानाही. फळ्यावर हातभर मोठा एकच शब्द लिहिला तरी अडतं. जोडाक्षरं गाळतं, 'प्रकाश'चं 'पकाश' करतं; पहिली वेलांटी लिहायची आधी आणि म्हणायची नंतर, त्यात गोंधळतं; पहिल्या अक्षरावरून शब्द ठोकून देतं. 'टमुली', 'गोपडत' असे अर्थ नसलेले शब्द लिहून द्या. अंदाज बांधता येत नाही, आवाज जोडावेच लागतात. तिथे तो थांबत असेल आणि तुम्ही वाचून दाखवलेला तोच धडा मात्र त्याला पुरता समजत असेल, तर बाईंची शंका मनावर घ्या. घ-ध, भ-म किंवा इंग्रजीतलं बी-डी उलटसुलट होणं हे डोळ्यांचं लक्षण मानलं जातं, ते तसं नाही. लहान वयात बहुतेक मुलं ही गल्लत करतात; पुढे राहिली तर तीही भाषेच्या बाजूची.

मेळ तपासायला ऑप्टोमेट्रिस्टकडे (नजर तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे) किंवा बायनॉक्युलर व्हिजनचा, म्हणजे दोन डोळ्यांच्या मेळाचा, विभाग असलेल्या नेत्र रुग्णालयात जा, आणि अहवालात आकडे मागा. 'डोळ्यांची टीम कमकुवत' असा शेरा पुरेसा नाही. पेन नाकाकडे आणताना किती सेंटिमीटरवर दोन दिसले आणि मागे नेताना किती सेंटिमीटरवर एक झाले, हे चार-पाच वेळा मोजलेलं हवं, कारण दमल्यावरच खरं चित्र दिसतं. सहा सेंटिमीटरच्या आत ठीक. दहाच्या पुढे असेल तर दोष स्पष्ट. लांब आणि जवळ पाहताना डोळे एकमेकांपासून किती सुटतात, तेही हवं; ते प्रिझम डायॉप्टर या मापात लिहितात. जवळचा आकडा लांबच्यापेक्षा चार किंवा अधिक बाहेरच्या बाजूला असणं ही खूण. चाळीस सेंटिमीटरवर प्रिझमविरुद्ध डोळे किती टिकतात, तेही लिहिलेलं हवं. प्रत्येक डोळ्याचा फोकस : साडेनऊ वर्षांच्या मुलाला किमान साडेबारा डायॉप्टर जमायला हवेत, म्हणजे बारीक अक्षर आठ सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट. शिवाय पंधरा प्रश्नांची एक लक्षण-प्रश्नावली असते, साठपैकी गुण. मुलांमध्ये सोळा किंवा जास्त आले तर त्रास खरा.

एवढे आकडे हा दोष दाखवत असतील, तर थेरपी जरूर करा. तिचा पुरावा चांगला आहे. अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर झालेली एक चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. दर आठवड्याला तासभर थेरपिस्टपुढे आणि आठवड्यातले पाच दिवस घरी पंधरा-पंधरा मिनिटं, असं बारा आठवडे केलेल्यांपैकी ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी नुसती पेन्सिल करणाऱ्यांत ४३ टक्के. आणि थेरपीसारखे दिसणारे पण निरुपयोगी व्यायाम दिलेल्यांतही ३५ टक्के. म्हणजे घरची पेन्सिल त्या लुटुपुटुच्या थेरपीपेक्षा फारशी पुढे नव्हती. यातून बैठकांचा हिशेबही कळतो : बारा ते सोळा आठवडे, आठवड्याला एक. दर चार आठवड्यांनी वरचे आकडे पुन्हा मोजायचे. आठ आठवड्यांत सेंटिमीटर हलले नाहीत तर थांबून निदान पुन्हा तपासायचं. चाळीस बैठकांचे पैसे आगाऊ घेणाऱ्याला थांबायचं कारण उरत नाही, म्हणून महिन्याचे पैसे महिन्याला द्या. हे मान्य नसेल तर दुसरीकडे जा.

पण 'डिस्लेक्सियाही जाईल' हे वाक्य मागे घ्यायला लावा. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ च्या संयुक्त निवेदनात स्पष्ट म्हटलं आहे की डिस्लेक्सियावर डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत काचा उपयोगी पडतात याला शास्त्रीय आधार नाही. याहून महत्त्वाची गोष्ट पुढच्या चाचणीत दिसली. कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी असलेल्या ३११ मुलांना सोळा आठवडे थेरपी दिली आणि वाचलेलं समजण्याची परीक्षा घेतली. २०१९ मध्ये निकाल आला. खरी थेरपी घेतलेली आणि खोटी घेतलेली, दोन्ही गटांचे गुण सारखेच वाढले होते. केंद्रात 'आधीचे गुण, नंतरचे गुण' असा तक्ता दाखवतील तेव्हा हे आठवा. चार महिन्यांत मूल वाढतं, शिकतं, कुणीतरी रोज त्याच्याजवळ बसतं, एवढ्यानेही गुण वाढतात. थेरपीने डोकेदुखी थांबेल, अक्षरं स्थिर राहतील, तो जास्त वेळ बसू शकेल. तेवढ्यासाठीसुद्धा ती करण्यासारखी आहे. वाचायला शिकवावं मात्र वेगळंच लागतं.

मुलाची पेन्सिल तपासणी होईपर्यंत बंद ठेवा. डोळे गरजेपेक्षा जास्त आत ओढले जाण्याचा उलटा दोष असेल, तर याच व्यायामाने तो वाढतो. तपासणीनंतर हिरवा कंदील मिळाला तर नीट असा करा. पेन्सिलवर वर्तमानपत्राच्या मथळ्याएवढं एक अक्षर चिकटवा. समोर दोन मीटरवर भिंतीला एक पांढरं कार्ड लावा. पेन्सिल हातभर अंतरावर, दोन डोळ्यांच्या मधोमध, नजरेच्या किंचित खाली. सेकंदाला एक-दोन सेंटिमीटर अशा संथ गतीने नाकाकडे आणायची. अक्षर दोन झालं की क्षणभर थांबून ते एक करायचा जोर लावायचा. झालं तर पुढे, नाही तर एक होईपर्यंत मागे नेऊन पुन्हा. वीस-वीसचे तीन फेरे. कार्ड कशाला, तर पेन्सिलकडे पाहताना मागचं कार्ड दोन दिसायला हवं. एकच दिसत असेल तर मेंदूने एक डोळा बंद करून टाकला आहे, आणि पेन्सिल नाकाला टेकली तरी काहीच साधत नाही. बहुतेक घरांत हाच घोळ असतो. मूल म्हणतं, 'आई, एकच दिसतंय,' आणि आपण शाबासकी देतो. दुसरे घोळ : मान पेन्सिलकडे पुढे येणं, भराभर हात मारणं, चष्मा असून न लावणं, आणि रात्री झोप डोळ्यांवर असताना करायला बसवणं.

थेरपिस्ट मण्यांची दोरीही देतील. ती घरी सहज होते. दीड मीटर पांढरा जाड दोरा, तीन रंगांचे मोठे मणी किंवा शर्टाची बटणं. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं नाकाच्या शेंड्याला, दोरा ताठ. मधल्या मण्याकडे पाहिलं की मणी एक, पुढचा-मागचा दोन-दोन, आणि दोऱ्याची मण्यावर फुली दिसायला हवी. फुली मण्याच्या अलीकडे पडली तर डोळे जास्त वळताहेत, पलीकडे पडली तर कमी. एकच दोरा दिसला तर मेंदूने एक डोळा दाबून टाकला आहे; पापण्या मिटमिटवायच्या, दोरा हलवायचा. डोळा उघड उघड तिरळा असेल तर यातलं काहीही तज्ज्ञाशिवाय करू नये. दबलेला डोळा जागा झाला आणि मेळ जमला नाही, तर कायमचं दोन दिसायला लागू शकतं.

डोळ्यांची तपासणी चालू असतानाच वाचनाची तपासणी लावून द्या, एकानंतर दुसरी अशी रांग नको. चौथीचं वर्ष हातातून गेलं तर पाचवीत इतिहास, विज्ञान सगळंच वाचून शिकायचं असतं. मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून ही तपासणी करतात, आणि ती मुलाच्या शाळेच्या माध्यमात, म्हणजे मराठीत, व्हायला हवी. त्याबरोबर ऐकण्याची तपासणीही. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. त्यासाठीची चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी व्हावी अशी अपेक्षा आहे, म्हणजे तुमच्या मुलाचं ते वय उलटून गेलं आहे, लवकर म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेत सवलती १९९६ पासून मिळतात : जादा वेळ, लेखनिक वगैरे. खासगी अहवाल उपचारांना पुरतो. सवलतीला सरकारमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, आणि तिथे नंबर लागायला वेळ जातो, म्हणून नाव आताच नोंदवा.

डिस्लेक्सिया निघाला तर उपाय हळू पण ठरलेला आहे. रोज अर्धा तास आवाज सुटे करणं, जोडणं, जोडाक्षर फोडून म्हणणं, हाताने लिहीत मोठ्याने उच्चारणं, आणि मागचं पक्कं झाल्याशिवाय पुढे न जाणं. ओळ सुटते त्यावर पुठ्ठ्यात तीन ओळींएवढी खिडकी कापून पानावर सरकवायला द्या. तो आधार आहे, लाजायचं कारण नाही, आणि बाईंनाही सांगून ठेवा.

रात्री तुम्ही त्याला काही वाचून दाखवत असाल तर या सगळ्या धावपळीत ते बंद करू नका. नसाल तर आजपासून पंधरा मिनिटं सुरू करा. ज्या मुलाला स्वतः वाचता येत नाही त्याचे शब्द, त्याची माहिती वर्गातल्या मुलांपेक्षा मागे पडत जाते, आणि ती भर ऐकूनच पडू शकते. गोष्ट त्याने निवडावी, वाचावी तुम्ही. 'आता ही ओळ तू वाच' असं त्या वेळेत एकदाही म्हणू नका.